पाटीवरचं नाव वाचू नका, वर्गात तासभर बसा

ताई,

माझा मुलगा सव्वाचार वर्षांचा आहे. दिवाळीनंतर नाशिकच्या डॉक्टरांनी ऑटिझम असल्याचं सांगितलं. दहा-बारा शब्द बोलतो, तेही मनात आलं तर. काही हवं असलं की माझं मनगट धरून ओढत नेतो. एसटी दिसली की खूश. गर्दी, कुकरची शिट्टी, केस कापणं यांतलं काहीच सहन होत नाही. आम्ही सिन्नरला राहतो, मिस्टर एमआयडीसीत आहेत. जूनपासून त्याला कुठे घालायचं यावरून घरात रोज वाद होतो.

तीन जागा बघितल्या. नाशिकच्या एका सेंटरमध्ये एबीए, म्हणजे बक्षीस देत पायरीपायरीने शिकवायची पद्धत, करतात. एकेका मुलाला टेबलाशी बसवून शिकवतात, बरोबर केलं की टोकन. आठवड्याला तीस तास दिलेच पाहिजेत म्हणाले. फी ऐकून मिस्टर गप्प झाले. दुसरा, नाशिकमध्येच, एका संस्थेचा विशेष वर्ग. आठ मुलं, दोन शिक्षिका, सगळीकडे चित्रं लावलेली, प्रत्येक कामाची जागा ठरलेली. तिसरी आमच्या गल्लीतली बालवाडी. पंचवीस मुलं, एक बाई, एक मावशी. बाईंना ऑटिझमबद्दल काही माहीत नाही, पण म्हणाल्या, "आणा त्याला, बघू."

धाकटे दीर अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायनात असतात. ते म्हणतात, टीच पद्धतच घ्या, ती आमच्याकडचीच आहे. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर अर्ध्या आया म्हणतात एबीएशिवाय मूल बोलत नाही, उरलेल्या म्हणतात एबीए म्हणजे मुलांचा छळ. सासूबाई म्हणतात, याचा बापही उशिराच बोलला, कुठे नेऊ नका; आणि मी मोबाइल हातात दिला म्हणून हे झालं. ताई, या तिन्हींत खरी पद्धत कोणती? वर्ष वाया गेलं तर मी स्वतःला माफ करू शकणार नाही.

– एक आई, सिन्नर

प्रिय मैत्रीण,

तुमच्या प्रश्नाचं सरळ उत्तर आधी देते. या पद्धतींपैकी एकही केवळ नावाच्या जोरावर बाकीच्यांना मागे टाकत नाही. तुमची समजूत काढायला म्हणून मी हे म्हणत नाही. अशी तुलना खरोखर करून पाहिलेली आहे, आणि तिच्यात तुमच्या दिरांच्याच राज्यातल्या विद्यापीठाचे संशोधक पुढे होते.

तिचा निकाल 2014मध्ये छापून आला. अमेरिकेतल्या सरकारी शाळांमधले सत्तरहून अधिक वर्ग, आणि त्यांतली तीन ते पाच वर्षांची 198 स्वमग्न, म्हणजे ऑटिझम असलेली, मुलं. काही वर्गांत टीच पद्धत होती, काहींत लीप नावाची दुसरी (तिच्याबद्दल पुढे लिहिते), आणि उरलेल्या वर्गांत कुठलीच एक ठरावीक पद्धत नव्हती. तिथल्या शिक्षिका अनुभवाने थोडं इकडचं, थोडं तिकडचं घेऊन शिकवत होत्या. शाळेच्या एका वर्षात मुलं किती पुढे गेली ते मोजलं. तिन्हीकडची मुलं पुढे गेली आणि पद्धतीपद्धतींत म्हणावा असा फरक निघाला नाही.

हे सांगितलं की कुणीतरी हमखास म्हणतं, मग काहीही चालतं की! तसं नाही. त्या बिननावाच्या वर्गांची निवडसुद्धा दर्जा पारखून केलेली होती. चांगल्या वर्गांची चांगल्या वर्गांशी तुलना झाली आणि ते बरोबरीत सुटले, इतकाच त्याचा अर्थ. चांगल्या आणि वाईट वर्गातलं अंतर या अभ्यासाने मोजलेलंच नाही, आणि तुम्हाला निवड करायची आहे ती नेमकी तिथे. अमेरिकेतल्या अशा वर्गांत आठ-दहा मुलांमागे दोन-तीन मोठी माणसं असतात हेही विसरू नका. आपल्याकडे पाटी तीच लागते, माणसं तेवढी नसतात.

आता एकेक जागा घेऊ. दिरांचा मान ठेवून टीचपासून. तुम्ही बघितलेला आठ मुलांचा विशेष वर्ग याच धाटणीचा दिसतो.

टीच ही खरोखरच नॉर्थ कॅरोलायनाची. एरिक शॉपलर आणि रॉबर्ट रायशलर यांनी तिथल्या विद्यापीठात तिची सुरुवात केली आणि 1972पासून ती राज्यभर सरकारी कार्यक्रम म्हणून चालली. शॉपलर यांच्याबद्दल मला आदर आहे तो वेगळ्या कारणासाठी. त्या काळात अमेरिकेतले मोठमोठे तज्ज्ञ सांगत होते, की आईने माया केली नाही म्हणून मूल असं होतं. बुद्धिमान, शिकलेल्या आया हे ऐकून कोसळत होत्या. शॉपलर यांनी ते धुडकावलं आणि आईबापांना उपचारातले भागीदार म्हणून वर्गात बसवलं. सासूबाईंच्या मोबाइलबद्दलच्या बोलण्याचं उत्तर यातच आहे. ऑटिझम ही मेंदूच्या जडणघडणीतली गोष्ट आहे, तिची बरीचशी मुळं आनुवंशिकतेत आहेत, आणि ती मूल मोबाइल धरायला शिकण्याच्या कितीतरी आधी सुरू झालेली असते. मोबाइल कमी करा, कारण त्या वेळात तो तुमच्याशी खेळेल. त्याचा गुन्हा मात्र स्वतःच्या नावावर लिहून घेऊ नका.

या पद्धतीचं मर्म असं, की मुलाला चार गोष्टी न विचारता, न ऐकता, नुसत्या डोळ्यांनी कळल्या पाहिजेत: मी काय करायचंय, किती करायचंय, संपलं हे कसं कळणार आणि नंतर काय. म्हणून खेळायचा कोपरा वेगळा, कामाचा वेगळा, खाऊचा वेगळा. दिवसाचा क्रम चित्रांत. काम डावीकडच्या टोपलीत, झालं की उजवीकडच्या 'संपलं'च्या टोपलीत. ज्या मुलाला बोललेलं नीट पकडता येत नाही त्याचा शाळेतला दिवस म्हणजे फलक नसलेलं एसटी स्टँड: गाडी कुठली, कधी, कुठे लागणार, काही कळत नाही आणि लोक मात्र हाताला धरून चढवतायत. त्यात रडू आलं तर नवल काय?

पण चित्रं लावली म्हणजे ही पद्धत आली असं नव्हे. लॅमिनेट केलेली, वेल्क्रोची सुंदर चित्रं भिंतीवर असतात आणि वर्षभर त्यांना कुणी हात लावलेला नसतो, हे मी पुष्कळ ठिकाणी पाहिलंय. कार्ड मूल स्वतः काढतं का, काम झालं की स्वतः पलटतं का, ते बघायचं. आणि दुसरं, शिस्तीत एकटं बसून काम करणं हे या पद्धतीत चांगलं साधतं, पण दुसऱ्या मुलाकडे वळणं आपोआप साधत नाही. ते मुद्दाम शिकवावं लागतं. त्या आठ मुलांच्या वर्गात कुणी कुणाशी खेळताना दिसलं का, आठवून बघा.

एबीएवरून तुमच्या ग्रुपवर जे भांडण चाललंय ते जगभर चाललंय, आणि दोन्ही बाजूंच्या हातात काही ना काही खरं आहे. कॅलिफोर्नियात इव्हार लोवास यांनी 1987मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. 19 लहान मुलांना आठवड्याला 40 तास एकेकट्याने शिकवलं. त्यांतली 9 मुलं पहिलीच्या साध्या वर्गात गेली आणि त्यांचा बुद्ध्यांकही इतर मुलांसारखा आला. आईबापांना पहिल्यांदाच आशेचा आकडा मिळाला. "तीस-चाळीस तास" हा मंत्र तिथूनच आलाय. पण मुलांची गटवारी चिठ्ठ्या टाकून केलेली नव्हती. आणि त्या शिकवण्यात ओरडणं आणि मांडीवर चापट मारणंही होतं. एवढी दुसरी बाजू सेंटरच्या माहितीपत्रकात सापडत नाही. अशा शिकवणीतून गेलेली मुलं आता मोठी झाली आहेत, आणि त्यांतले बरेच जण लिहून सांगतात, की जबरदस्तीने डोळ्यांत बघायला लावणं, हात फडफडवले की ते धरून ठेवणं याचा त्यांना काय त्रास झाला. त्यांचं म्हणणं मी गांभीर्याने घेते.

तरी एबीए म्हटलं की लगेच पळ काढावा असंही मी म्हणणार नाही. मोठं कौशल्य बारीक पायऱ्यांत फोडायचं, योग्य वेळी मदत द्यायची, मग ती हळूहळू काढून घ्यायची आणि रोज नोंद ठेवायची, हे एबीएनंच आपल्या सगळ्यांना शिकवलं. शी-शू सांगणं, बटण लावणं, चमचा धरणं शिकवताना मी तेच वापरते. आज त्यातले जाणकार लोक टेबल सोडून सतरंजीवर आलेत. मुलाला ज्यात रस आहे त्यातच शिकवणं पेरतात. तुमच्या मुलाला एसटी आवडते ना? मग टोकन म्हणून चकचकीत स्टिकर कशाला, एसटीच ढकलायची: तुम्ही हातात धरून थांबायचं, त्याने "चल" म्हणायचं किंवा नुसतं बघायचं, की गाडी सुटली. सॅली रॉजर्स आणि जेराल्डिन डॉसन यांनी अगदी लहान मुलांसाठी हेच बसवलं आणि 2010मध्ये 48 मुलांवरच्या चाचणीत त्याचा फायदा दिसला.

त्या तीस तासांचा धसका मात्र मनातून काढून टाका. याच रॉजर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुढे 87 चिमुकल्यांवर, म्हणजे दोन वर्षांच्या आसपासच्या मुलांवर, चाचणी घेतली. काहींना आठवड्याला 15 तास, काहींना 25. काहींना खेळातून, काहींना एबीएच्या पठडीतून. 2021मध्ये निकाल आला: वर्षभरानंतर एकंदरीत ना तासांनी फरक पडला ना पठडीने. तुमचा मुलगा त्यांच्यापेक्षा मोठा आहे, त्यामुळे हा आकडा त्याला जसाच्या तसा लावता येणार नाही. पण तीस तास दिले नाहीत तर मूल हातचं जाईल असं जे तुम्हाला फीच्या कागदासकट सांगितलं गेलं, त्याला आधार नाही. कर्ज काढून, दागिने मोडून तास विकत घेणारे आईबाप माझ्याकडे येतात. चार महिन्यांनी पैसे संपतात, आणि तेव्हा मुलाबरोबर आईसुद्धा थकलेली असते.

आता गल्लीतली बालवाडी. तुम्ही तिला तिसऱ्या नंबरवर लिहिलंय, थोडं संकोचूनच. त्या बाई "बघू" म्हणाल्या, यात मला बरंच काही दिसतं. "आमच्याकडे असली मुलं घेत नाहीत" हे वाक्य ऐकून आलेल्या आयांना विचारा, त्या "बघू"ची किंमत काय असते.

मघाशी लीपचं नाव घेतलं ते इथे कामाला येतं. फिलिप स्ट्रेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही पद्धत पिट्सबर्गमध्ये 1980च्या दशकाच्या सुरुवातीला उभी केली. एका वर्गात तीन-चार स्वमग्न मुलं आणि दहाएक इतर मुलं. गंमत अशी, की यात शिकवणं त्या इतर मुलांचंही असतं. चार वर्षांच्या मुलीला शिकवतात, की मित्राच्या खांद्याला हात लाव, समोर खेळणं धर, थांब, त्याने बघितलं नाही तर पुन्हा धर. "तो बोलत नाही" म्हणून निघून जायचं नाही. नुसतं शेजारी बसवून काही होत नाही, हे या लोकांनी फार आधी ओळखलं. आपल्याकडे समावेशक शिक्षणाच्या नावाखाली मूल मागच्या बाकावर शॅडो टीचरच्या, म्हणजे फक्त त्याच्यासाठी नेमलेल्या बाईंच्या, कुशीत वर्ष काढतं आणि वर्गातल्या एकाही मुलाला त्याचं नाव माहीत नसतं, त्याला मी समावेश म्हणत नाही.

लीपवरचा एक मोठा अभ्यास तुमच्या निर्णयाला सगळ्यात जवळचा आहे. 56 बालवर्ग घेतले. चिठ्ठ्या टाकून त्यांतल्या 28 वर्गांच्या शिक्षिकांना दोन वर्षं वर्गात येऊन, हाताला धरून शिकवलं. उरलेल्या 28 वर्गांना पद्धतीची पुस्तिका दिली आणि सांगितलं, करा. 2011मध्ये निष्कर्ष छापले. पद्धत दोन्हीकडे तीच होती, पण ज्या शिक्षिकांना सोबत मिळाली त्यांची मुलं भाषेत, समजेत, मिसळण्यात स्पष्टपणे पुढे गेली. आणि वर्गातली शिक्षिका ती पद्धत किती नेमकेपणाने राबवते यावरून मुलाची प्रगती सांगता येत होती. मूल सुरुवातीला कसं वागत होतं किंवा घरची परिस्थिती काय होती यावरून नाही. म्हणून मी तुम्हाला पद्धतीपेक्षा बाईंकडे बघायला सांगतेय.

तेव्हा निर्णयाआधी एक काम करा. नाशिकच्या दोन्ही ठिकाणी सांगा, की मला वर्ग चालू असताना तासभर कोपऱ्यात बसायचंय. मुलाला नेऊ नका. इतर मुलांच्या खाजगीपणाचं कारण पुढे करून एखादे दिवशी नाही म्हणतील, ते समजू शकते. पण आईबापांनी कधीच आत यायचं नाही असा नियम असेल तर तिथून चहा न घेता निघा. बसायला मिळालं तर लहान वही घेऊन बसा. एखादं मूल आपणहून काही मागतं, दाखवतं, नको म्हणतं, चित्र देतं, अशा प्रत्येक वेळी एक रेघ मारा. बाईंनी "म्हण पाणी" म्हटल्यावर मूल "पाणी" म्हणालं तर ती रेघ धरायची नाही. तासाभरात रेघा अगदी थोड्या निघाल्या तर तो वर्ग कितीही शांत आणि टापटीप असो, मला नको. आणखी एक बघा: विचारल्यावर बाई थांबतात का? आपल्या शिक्षिका, आणि आपण आयासुद्धा, फार घाई करतो. स्वमग्न मुलाला उत्तर जमवायला पाच-सात सेकंद लागतात, आणि तेवढ्यात आपण तोच प्रश्न तीन वेळा तीन तऱ्हेने विचारून मोकळ्या झालेल्या असतो.

मूल रडायला लागलं, जमिनीवर लोळलं, तर पुढची दोन मिनिटं नीट बघा. कुणी कारण शोधतं का? पंख्याचा आवाज, भूक, घट्ट इलास्टिक, अचानक बदललेला कार्यक्रम? की "नाटकं करतोय" म्हणून हात धरून बसवलं जातं? खाऊ काढून घेतला जात असेल, खोलीत एकटं कोंडलं जात असेल, तर पुढे काही बघायची गरज नाही.

आणि शिक्षिकेला एकच प्रश्न विचारा: "या महिन्यात तुम्ही या मुलाला नेमकं काय शिकवताय?" हा प्रश्न त्यांच्याच वर्गातल्या एखाद्या मुलाबद्दल विचारा, नाव न घेता. "अटेन्शन वाढवतोय, सिटिंग टॉलरन्स वाढवतोय" हे उत्तर कुठल्याही मुलाला चालतं, म्हणून ते उत्तरच नव्हे. "डब्याचं झाकण उघडत नसलं की डबा माझ्याकडे आणून द्यायला शिकवतेय, परवापासून मदतीशिवाय आणतो" असं कुणी म्हणालं, तर त्यांच्या भिंतीवर चित्रं असोत नसोत, मुलगा तिथे घाला. त्या शिक्षिकेची भारतीय पुनर्वास परिषदेकडे, म्हणजे विशेष शिक्षकांची नोंद ठेवणाऱ्या सरकारी संस्थेकडे, नोंदणी आहे का, तेही विचारा. विचारायला लाजू नका, डॉक्टरची डिग्री आपण बघतोच ना. "सहा महिन्यांत बरं करून देतो" म्हणणाऱ्याकडून, त्याच्याकडे कितीही पाट्या असल्या, लगेच उठा.

तुमच्या जागी मी असते तर काय केलं असतं, असंही तुम्हाला विचारायचं असणार. पत्रावरून जेवढं कळलं तेवढ्यावर सांगते. माझ्या व्यवसायातल्या काही जणी याच्या उलट सल्ला देतील. मी तीस तासांचं सेंटर सोडलं असतं. तो विशेष वर्ग वरच्या परीक्षेत उतरला तर आठवड्याचे तीन दिवस तिथे, आणि उरलेले दोन दिवस गल्लीतल्या बालवाडीत. पाचही दिवस नाशिक नको, कारण सिन्नर-नाशिक जाण्यायेण्यात त्याचे रोजचे दोन तास जातील. त्याला एसटी आवडत असली तरी. आणि आज तो हवं ते तोंडाने मागत नाही, मनगट ओढतो, म्हणून नुसत्या पंचवीस मुलांच्या वर्गात पाचही दिवस नको. बालवाडीत सुरुवातीला दीडच तास, त्यातही खेळ आणि खाऊच्या वेळी. प्रार्थना, टाळ्या, कवायत असलं गोंगाटाचं पहिल्या महिन्यात टाळा. विशेष वर्गातल्या शिक्षिकेला विनंती करून एकदा बालवाडीत आणा, बाईंशी तासभर बोलू द्या. त्यासाठी मानधन द्यावं लागलं तर द्या. सेंटरच्या फीपुढे ते काहीच नाही. बालवाडीतल्या दोन समंजस, बडबड्या मुली हेरा (बाईंना त्या बरोबर माहीत असतात) आणि त्यांना खांद्याला हात लावून खेळणं पुढे करायला शिकवा. लहान पोरी हे आपल्यापेक्षा चांगलं करतात, आणि त्याचं दुःखही मानत नाहीत.

दोन ठिकाणांमुळे तो गोंधळेल ही भीती रास्त आहे. घरी दारामागे आठवड्याची पट्टी लावा: नाशिकच्या दिवशी लाल एसटीचा फोटो, बालवाडीच्या दिवशी बाईंचा. इंटरनेटवरची चित्रं नकोत. तुमच्याच मोबाइलवर त्याच्याच वस्तूंचे फोटो काढून स्टुडिओत छापून घ्या. बूट घालायच्या आधी रोज पट्टीपाशी न्यायचं, बोट लावायचं, मग निघायचं.

घरच्या कामाबद्दल थोडं सविस्तर लिहिते, कारण त्याचा पुरावा आपल्या शेजारचाच आहे. गोव्यात आणि पाकिस्तानातल्या रावळपिंडीत दोन ते नऊ वर्षांच्या 65 मुलांच्या घरी एक चाचणी झाली. 2016मध्ये ती छापली गेली, गोव्याकडून तिच्यात संगत ही संस्था होती. तज्ज्ञ नसलेल्या पण प्रशिक्षण दिलेल्या कार्यकर्त्या घरी जात. आई मुलाशी खेळतानाचा व्हिडिओ काढायचा आणि तो आईबरोबर बसून बघायचा: इथे त्याने बघितलं होतं, तुम्ही थांबलात, छान झालं, इथे तो गाडी फिरवत होता आणि तुम्ही चेंडू पुढे केलात. बारा भेटींच्या आतबाहेर एवढंच. त्या आया मुलाच्या लयीत बोलायला लागल्या आणि मुलं आपणहून आईशी जास्त संवाद सुरू करायला लागली. सगळंच सुधारलं असं नाही. दोघांचं एकाच गोष्टीत लक्ष लागण्याचा वेळ वाढला नाही, उलट घटलेला दिसला. पण महागडं सेंटर नसलेल्या घरात, आपल्या बायकांनी, एवढं साधलं.

तुम्हीही करा. मिस्टरांना दहा मिनिटांचा व्हिडिओ काढायला सांगा आणि रात्री तो सासूबाईंसकट बघा. (आपलं बोलणं किती सूचनांनी भरलेलं असतं हे ऐकून पहिल्यांदा कसंनुसं होतं.) त्याची बाटली दिसेल पण हाती लागणार नाही अशी ठेवा. तो मनगट ओढायला आला की बाटलीकडे बघून मनात पाच मोजा. बोट दाखवलं, "पा" म्हटलं, फोटो दिला, काहीही केलं की लगेच पाणी. त्याला तहानेने रडवायचं नाही, हा खेळ दिवसाला थोडाच वेळ. फोटो किंवा चित्रं दिली तर मूल बोलायचं थांबेल, असं कुणीतरी तुम्हाला सांगणारच. थांबत नाही. मागण्याचा मार्ग सापडला की मुलाची चिडचिड कमी होते, आणि काही मुलांचं बोलणं त्यातूनच वाढतं.

आणि त्याच्याशी मराठीतच बोला. "एकच भाषा ठेवा, तीही इंग्रजी" असा सल्ला आजही काही ठिकाणी देतात. दोन भाषांच्या घरातली स्वमग्न मुलं त्यामुळे बोलण्यात अधिक मागे पडत नाहीत, असंच आजवरच्या अभ्यासांतून दिसलंय. आजीशी बोलता येणार नाही अशी भाषा त्याला शिकवून तुम्ही काय मिळवणार?

सासूबाईंचा दुसरा मुद्दा: बापही उशिरा बोलला. असेल. पण बाप बोट दाखवत होता का, हाक मारली की वळत होता का, हे त्यांनाच विचारा. नुसत्या उशिरा बोलणाऱ्या मुलात आणि याच्यात फरक तिथे असतो. त्याची श्रवणचाचणी झाली नसेल तर जूनच्या आधी करून घ्या. कुकरच्या शिट्टीला कान झाकतो म्हणजे सगळं ऐकू येतं, असं धरून चालू नका.

कागदपत्रांचं थोडक्यात. 2016च्या दिव्यांग हक्क कायद्यात ऑटिझम आहे. प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्डासाठी (दिव्यांगांचं ओळखपत्र) जिल्हा रुग्णालयात आत्ताच अर्ज करा. 40 टक्के किंवा अधिक दिव्यांगत्वाची नोंद झाली, तर सहा ते अठरा वर्षांपर्यंत जवळच्या शाळेत किंवा पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क त्याला आहे. राष्ट्रीय न्यासाच्या निरामय योजनेत वर्षाला एक लाख रुपयांपर्यंतचा आरोग्यविमा मिळतो आणि त्यात थेरपीचा खर्चही धरतात. 2013मध्ये पालघरहून सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमातून जिल्ह्याच्या ठिकाणी शीघ्र हस्तक्षेप केंद्रं, म्हणजे लहान मुलांच्या अडचणी लवकर ओळखून उपचार करणारी केंद्रं, काढली गेली. नाशिकच्या जिल्हा रुग्णालयात त्याचीही चौकशी करा, तिथली स्पीच थेरपी आणि तपासण्या मोफत असतात.

जूनमध्ये सुरू केल्यावर दिवाळीच्या सुट्टीपर्यंत मध्येच काही बदलू नका, मुलाला त्रास होतोय असं स्वतःच्या डोळ्यांनी दिसलं तर मात्र थांबू नका. आजच एका पानावर लिहून ठेवा: दिवसात आपणहून किती वेळा काही मागतो, किती वेळ कुणाजवळ खेळतो, कशाने रडतो आणि किती वेळात शांत होतो. दर पंधरा दिवसांनी तसंच एक पान. सुट्टी लागली की पानं शेजारी शेजारी ठेवून दोन्हीकडच्या बाईंबरोबर बसा. काहीच हललं नसेल तर काय बदलायचं ते त्यांना विचारा, आणि "पद्धतच अशी आहे" एवढंच उत्तर मिळालं तर दुसरा वर्ग शोधायला लागा. मला लिहाल तेव्हा ती पानं सोबत पाठवा.